घागर उजव्या कमरेवर

किस्से कुणी जमवायला जात नाही, ते आपोआप साचतात. इतर ऑफिसांत ते चहाच्या टपरीवर साचतात, आमच्याकडे हार्ड डिस्कमध्ये. दोन-दोन वर्षं कॅमेरा चालवायचा आणि सिनेमा करायचा सव्वा तासाचा! उरलेलं जाणार कुठं? थोडं डिस्कमध्ये पडून राहतं, बाकीचं आमच्या तोंडी फिरतं. कुणी विचारलं, "तुम्ही नक्की करता तरी काय?" की मी एखादा किस्सा सांगून मोकळी होते. यंदाच्या उन्हाळ्यापासून मात्र कुठलाही किस्सा काढला तरी तो त्या घागरीपाशीच येऊन थांबतो. म्हणून आधी घागरच सांगते.

आमचं ऑफिस म्हणजे सोलापुरात एका चादरीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सुवर्णाअक्का कॅमेरा करते. तिचा धाकटा भाऊ बसवराज, म्हणजे बसूदादा, साउंड करतो. पंधरा वर्षं ही भावंडं माहितीपट करताहेत. त्यांच्या माहितीपटात निवेदन नाही, मुलाखत नाही, संगीत नाही. माणसं आपापलं आयुष्य जगतात आणि हे दोघं कोपऱ्यात उभे राहून टिपतात. कॉलेजात आम्हाला या प्रकाराचं लांबलचक नाव शिकवलं होतं. अक्का त्याला ‘बघत बसणं’ म्हणते.

मी स्नेहल, त्यांची एकुलती एक असिस्टंट. माझं मुख्य काम लॉग लिहिणं. एकेक फाइल बघायची आणि वहीत नोंद करायची: कोण दिसतं, काय करतं, आवाज कसा आहे.

तर एप्रिलमधली दुपार. फुटेज उजनी धरणाच्या काठावरच्या एका गावातलं. आमच्या सध्याच्या माहितीपटातली पारूमावशी हापशावरून पाण्याची घागर घेऊन घराकडे येते, बस एवढंच. दोन वर्षांत तिला असं येताना मी इतक्या वेळा पाहिलंय की डोळे मिटून लिहू शकते, ‘पारू, घागर, डावी कंबर.’ तसंच लिहिलंही. पुढच्या फाइलवर जाणार, तेवढ्यात हात थांबला.

घागर उजव्या कमरेवर होती.

मी दचकले. आता माझ्या दचकण्याला ऑफिसात काडीची किंमत नाही. मी कुकरच्या शिट्टीला दचकते, स्वतःच्या फोनच्या रिंगला दचकते. एकदा बसूदादा शिंकला तेव्हा माझ्या हातातला चहा थेट कीबोर्डवर गेला होता. त्यामुळं मी म्हणाले, "दादा, मावशीनं घागरीची बाजू का बदलली असेल?" तर त्यानं हेडफोनही काढला नाही.

"बदलली असेल. माणसं बदलतात."

"हात दुखत असेल का? विचारायचं का तिला?"

खोलीत अशी शांतता झाली, जणू मी चपला घालून देवघरात शिरले होते! अक्का मॉनिटरवरून मान न वळवता म्हणाली, "स्नेहल, आपण विचारत नाही."

मी वहीत ‘उजवी कंबर’ अशी दुरुस्ती केली, पुढं एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं आणि गप्प बसले.

‘आपण विचारत नाही’ हे काय प्रकरण आहे, ते कळायला मागचे दोन-चार किस्से ऐकावे लागतील.

* * *

या भावंडांचा पहिला माहितीपट त्यांच्या वडिलांवर होता. अप्पांचं पेठेत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. ते बंद करायचं ठरलं, तेव्हा अक्कानं कुणाकडून तरी कॅमेरा मागून आणला आणि शेवटचे तीन आठवडे शूट करायचं ठरवलं. नियम पहिल्या दिवशीच ठरला. आपण तिथं नाहीच असं समजायचं. बोलायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, ‘परत एकदा करा’ म्हणायचं नाही.

अप्पांना हे कोण समजावणार? ते दर पाच मिनिटांनी कॅमेऱ्याकडे वळून विचारायचे, "अगं, जेवलीस का?" अक्का गप्प. "बसू, त्या माइकच्या काठीनं हात दुखत नाही का रे?" बसूदादा गप्प. घरी संध्याकाळी जेवताना सगळे नेहमीसारखे बोलायचे, पण दुकानात पोरं म्हणजे नुसते खांब!

तिसऱ्या दिवशी एक जुनं गिऱ्हाईक आलं. दोन कोपऱ्यांत दोन मूक माणसं उभी बघून त्यानं विचारलं, "हे कोण?"

अप्पा पाटीवरची धूळ पुसत म्हणाले, "आमचीच पोरं आहेत. पण सध्या ओळख दाखवत नाहीत!"

* * *

माझी मुलाखतही अशीच झाली.

मास कम्युनिकेशनची डिग्री होती, हातात फाइल होती आणि पाठ करून आणलेली उत्तरं होती. अक्कानं समोर बसवलं, बसूदादानं पाणी दिलं. मग दोघं माझ्याकडे बघत बसले. एक मिनिट. दोन मिनिटं. कुणी काही विचारेना!

माझ्यासारख्या बाईला शांतता सहन होत नाही. मी बोलायला लागले. आधी डिग्रीबद्दल, मग दुसऱ्या वर्षी राहिलेल्या विषयाबद्दल, मग आईच्या बीपीबद्दल. मग मला लिफ्टची भीती वाटते इथपासून आमच्या शेजारच्यांच्या कुत्र्यापर्यंत सगळं सांगून झालं. अर्धा तास मी एकटीच बोलले. शेवटी घसा कोरडा पडला म्हणून थांबले.

अक्का म्हणाली, "सोमवारपासून ये."

मी म्हणाले, "पण तुम्ही काहीच विचारलं नाही."

"विचारलं असतं तर एवढं सांगितलं असतंस का?"

जिना उतरताना मला वरून कुजबुज ऐकू आली. दोघांना भांडायचं असलं की ते कानडीत भांडतात. बसूदादा बराच वेळ काहीतरी म्हणत होता आणि शेवटी अक्कानं "सुम्न कूड!" म्हणून विषय संपवला. त्याचा अर्थ ‘गप बस’. एवढंच कानडी मला आजही येतं, पण या ऑफिसात एवढं पुरतं.

* * *

मंद्रूपच्या आठवडी बाजारावर त्यांनी एक माहितीपट केला, तेव्हा मी नव्हते. हा किस्सा मला वहिनीनं, म्हणजे बसूदादाच्या बायकोनं सांगितला.

बसूदादाच्या हातात एक लांब काठी असते, तिच्या टोकाला माइक, आणि माइकवर वाऱ्यासाठी राखाडी केसाळ गवसणी. आम्ही तिला मांजर म्हणतो. बाजारात एका म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि जवळ येऊन विचारलं, "ह्ये कसलं जनावर काठीला बांदलंय?"

बसूदादा गप्प.

"जितं हाय का मेलंय?"

बसूदादा गप्प. कॅमेरा चालू होता ना!

म्हातारा त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग हळहळला. "मुकं हाय वो बिचारं!" झालं! बाजारभर बातमी पसरली. त्या दिवसापासून दर आठवड्याला बसूदादाला कुणी सावलीत बसायला पोतं द्यायचं, कुणी मूठभर शेंगा द्यायचं. एका आजीनं तर अक्काला बाजूला घेऊन, भावाला सिद्धेश्वराला घेऊन जा, असा सल्ला दिला. अक्कानं मान डोलावली. बोलायची बंदी तिलाही होतीच.

वर्षभरानं माहितीपट पूर्ण झाला. यांचा दुसरा नियम असा, की सिनेमा पहिल्यांदा ज्यांचा आहे त्यांनाच दाखवायचा. मंद्रूपच्या शाळेच्या मैदानात पडदा लावला. बसूदादा माइक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "नमस्कार मंडळी, आज तुम्ही सगळे आलात, फार आनंद झाला."

मैदानातली सगळी एकमेकांकडे बघायला लागली. मग पहिल्या रांगेतला तोच म्हातारा उठला आणि हात जोडून मागं वळून ओरडला, "वाचा आली की वो पोराला!"

आणि टाळ्या! वहिनी म्हणते, सिनेमा संपल्यावर एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

* * *

वहिनीचाच अजून एक.

तिच्या आणि बसूदादाच्या लग्नाचं शूटिंग नातेवाइकांनी मोठ्या हौसेनं अक्कावर सोपवलं. ‘घरची फोटोग्राफर असताना बाहेरचा कशाला?’ लग्नानंतर महिन्यानं सगळे नातेवाईक व्हिडिओ बघायला जमले. चिवडा आला, लाडू आले. टीव्ही लावला.

पडद्यावर मांडवाची मागची बाजू. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर वहिनीचे वडील एकटे बसलेत. लांबून मंगलाष्टकं ऐकू येतायत. ते उठतात, खिशातून रुमाल काढतात, चष्मा पुसतात, परत बसतात. एक खुर्ची सरळ करतात. पुन्हा बसतात. हे जवळजवळ वीस मिनिटं!

मामेसासूबाईंनी विचारलं, "नवरा कुठाय?"

अक्का म्हणाली, "तो पुढं होता."

"अक्षता कधी पडल्या?"

"आत्ता पडल्या. ऐकू आल्या ना?"

त्या दिवशी अक्काला जी बोलणी बसली, त्यांचा विषय अजून निघतो. पुढं दोन वर्षांत वहिनीचे वडील गेले. आता दर दिवाळीला वहिनीची आई, भाऊ, सगळे अक्कलकोटहून येतात आणि ती वीस मिनिटं लावून बसतात. पाहुण्यांनी काढलेले फोटो होते म्हणे एक-दोन अल्बम. ते कुठं आहेत, कुणालाच माहीत नाही.

हे ऐकल्यापासून मी अक्काच्या नियमाला कधी हसले नाही. बघत बसण्यात काहीतरी आहे, हे मला पटलं होतं. म्हणून तर त्या दुपारी मीही गप्प बसले.

* * *

आता पारूमावशी आणि दत्तूमामा.

उजनीच्या काठावर त्यांची केळीची थोडी बाग आहे. उन्हाळ्यात धरणाचं पाणी रोज थोडं मागं सरकतं. पाणी मागं गेलं की मोटर पुढं न्यायची, पाइप जोडायचा, पुन्हा मागं गेलं की पुन्हा पुढं. पावसाळ्यात तेच उलटं. नवरा-बायको दोघंच हे करतात. यांच्यावर माहितीपट चाललाय, दोन वर्षं झाली.

मामा बोलत नाहीत. म्हणजे मुळीच नाही! सगळ्या फुटेजमध्ये त्यांचे शब्द मी मोजायचा प्रयत्न केला होता. ‘हां’ आणि ‘हूं’ शब्द धरायचे का, यावर माझं नि बसूदादाचं एकमत होईना, म्हणून सोडून दिलं. मावशी दोघांचं मिळून बोलते. मोटरशी बोलते, म्हशीशी बोलते, केळीच्या घडांना नावं ठेवते. आमच्याशी तर बोलतेच, उत्तर मिळो न मिळो.

पहिल्यांदा मी शूटिंगला गेले तेव्हा मोटरीच्या अगदी जवळ उभी होते. मामांनी बटण दाबलं, मोटर गुरगुरली आणि मी किंचाळून मागच्या मागं चिखलात बसले. अक्कानं कॅमेरा हलवला नाही. बसूदादानं हात दिला नाही. मावशी मात्र पोट धरून हसली. "आगं बाय! मोटर हाय ती, वाघ न्हाय!" मग मला हाताला धरून उठवलं, पदरानं माझं तोंड पुसलं आणि त्या दोघांकडे बघत म्हणाली, "ही दोगं बगत्यात बग कशी! मानूस बुडालं तरी ही बगत ऱ्हातील."

त्यावर आम्ही सगळे खूप हसलो होतो. आता तो शॉट आला की तिघंही पुढं ढकलतो.

* * *

लॉगमधल्या त्या प्रश्नचिन्हानं माझी झोप घालवली. तीन-चार दिवस मी नेटानं दुसरं काम केलं. मग कुणाला न सांगता जुन्या फाइली काढल्या आणि फक्त घागरीच्या सगळ्या एकापुढं एक जोडल्या. पहिला उन्हाळा, डावी कंबर. पावसाळा, डावी. दिवाळी, डावी. नोव्हेंबरपासून उजवी, माझ्या वहीत मात्र सवयीनं डावीच. त्यानंतर एकदाही डावी नाही. अजून बघत गेले. नोव्हेंबरनंतर मावशीनं डावा हात खांद्याच्या वर नेलेला नाही. दोरीवर लुगडं वाळत घालताना ती खाली वाकून उजव्या हातानं भिरकावते. केळीचा घड मामांच्या खांद्यावर द्यायची, तिथं मामा आता स्वतःच वाकून घेतात.

मी अक्काला आणि बसूदादाला बोलावलं. म्हटलं, "मी काही म्हणत नाही. नुसतं बघा."

पाच-सहा मिनिटांचं ते होतं. ते संपलं. मग मीच विचारलं, "अक्का, नोव्हेंबरपासून तुझा कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे गेलाय. का?"

"घागर मधे यायची," अक्का म्हणाली. "म्हणून मी ट्रायपॉड दुसऱ्या..."

ती थांबली.

बसूदादानं तोपर्यंत हेडफोन कानाला लावला होता. एकच फाइल त्यानं तीनदा ऐकली. मग हळू आवाजात म्हणाला, "घागर उचलताना ती कण्हते. मला वाटलं, श्वास माइकवर येतोय. मी लेव्हल खाली घेतली होती."

म्हणजे बघा! तिनं पाहिलं आणि कॅमेरा हलवला. त्यानं ऐकलं आणि आवाज कमी केला. आणि मी? मी प्रश्नचिन्ह काढलं. तिघांनीही आपापलं काम चोख केलं होतं!

दहा मिनिटांत आम्ही गाडीत होतो. जिन्यात बसूदादा सवयीनं कॅमेऱ्याची बॅग उचलायला लागला, तेव्हा अक्का म्हणाली, "ठेव ती."

* * *

आम्हाला मोकळ्या हातांनी येताना बघून मावशी दारातच घाबरली. "काय झालं? कोन गेलं का?"

आम्ही ओट्यावर बसलो. मामा म्हशीपाशी होते. अक्कानं पंधरा वर्षांत कुणालाही कामाच्या ठिकाणी प्रश्न विचारला नव्हता. तिला जमेचना! "मावशी, ते घागर... म्हणजे तुमचा हात..." एवढं बोलून ती माझ्याकडे बघायला लागली. मग मीच विचारलं, "मावशी, डाव्या बाजूला काही दुखतंय का तुम्हाला?"

मावशी उठली. मग आम्हा दोघींना आत घेऊन गेली आणि काखेच्या जरा खाली, छातीच्या कडेला हात ठेवून दाखवलं. लिंबाएवढी गाठ होती.

"दिवाळीच्या आदीपास्नं हाय."

"मावशी, कुणाला सांगितलं का नाही?"

तेव्हा ती जे बोलली, ते मी शब्दाला शब्द लिहिते. "सांगायचं काय त्यात? मला वाटलं तुमाला दिसतंय की. एवडी शिकलेली तुमी, म्हयन्याला येताय, डोळं फाडून बगताय. काय वंगाळ आसतं तर बोलला नसता व्हय? तुमी बोलला न्हाय, तवा मी म्हनलं, काय नसंल."

अक्का तिथंच जमिनीवर बसली. मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, "हिला काय झालं? हिला पानी दे बगू."

आणि स्वतःच उठून पाणी आणायला गेली. तांब्या उजव्या हातात.

* * *

तपासण्या झाल्या. सोलापुरातल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. गाठ चांगली नाही, काढावी लागेल, उशीर झालाय. किती उशीर, ते काढल्यावर कळेल.

आता मावशीची अट ऐका! "मी इस्पितळात झोपले तर मोटर कोन बगंल?" पाणी रोज मागं सरकत होतं, केळी निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला, आली होती. शेजाऱ्यांना सांगावं, तर लाईट सगळ्यांना एकाच वेळी येते आणि तेव्हा जो तो आपल्या मोटरीपाशी असतो. म्हैस एका चुलत जावेनं बघायचं कबूल केलं. मामा मावशीबरोबर हवेत. गाडी बसूदादाची, आणि अक्का मावशीजवळून हलायला तयार नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी?" मी दचकले.

बसूदादा म्हणाला, "अगं, त्या मोटरीचं फुटेज तुझ्याइतकं कुणी पाहिलंय?"

मामांनी मान डोलावली. झालं!

ऑपरेशनच्या सकाळी सगळे सोलापूरला गेले आणि मी एकटी पाण्याच्या काठावर. साडेअकराला लाईट येणार होती. मी मनात सगळं घोकलं होतं: आधी मोटरीत पाणी भरायचं, झाकण घट्ट करायचं, मग हिरवं बटण. पाइपाचं तोंड पाण्यात बुडालेलं आहे ना, ते बघायचं. पाणी भरलं. झाकण लावलं. आणि बटणाची पेटी सापडेना!

दोन वर्षं मी ती पेटी पडद्यावर रोज बघत होते. मामा दोन पावलं टाकतात, डावीकडे हात घालतात, बटण दाबतात. मी दोन पावलं टाकली, डावीकडे हात घातला, हातात बाभळीचा काटा! रडू यायच्या बेतात असताना एकदम सुचलं. मी उठले, बांधावर चढले, आणि अक्काचा ट्रायपॉड जिथं असतो, बरोबर तिथं जाऊन वाकून उभी राहिले. तिथून पेटी लख्ख दिसली! झाडाच्या पलीकडच्या अंगाला होती. मग तिच्यावरची नजर न काढता आडवी-तिरकी चालत तिच्यापर्यंत गेले. चुलत जाऊ म्हैस सोडायला आली होती. ती जागच्या जागी उभी राहिली आणि म्हणाली, "खेकड्यावानी का चालतीस गं?"

मी हिरवं बटण दाबलं. मोटर गुरगुरली. मी किंचाळले, पण जागची हलले नाही. आणि बागेत पाणी पडल्याचा आवाज आला!

हे कुणाला तरी सांगायला हवं होतं. मुख्य म्हणजे मावशीला. पण तिला दहालाच आत नेणार होते. मोटरीपाशी फोनला रेंज नसते, म्हणून मी पुन्हा बांधावर गेले आणि अक्काला फोन लावला. उचलला नाही. बसूदादाला लावला. उचलला नाही. त्यांचे फोन कामाच्या सवयीनं कायम सायलेंटवर असतात, हे माहीत असूनही मी रिंग संपेपर्यंत फोन कानाला धरून ठेवला. बारा वाजले. परत अक्का, परत दादा. वहिनीला लावला, तर तिला काही माहीत नव्हतं, उलट तीच मला विचारायला लागली. साडेबारा. मोटर चालू, पाणी चालू, पाइपाचं तोंड बुडालेलं. सगळं ठीक होतं, आणि मी बांधावर येरझाऱ्या घालत होते.

एक वाजता मी शेवटचा नंबर लावला. मामांचा. लावण्यात काही अर्थ नव्हता. मामांकडे फोन आहे, पण त्यांनी तो कधी उचललेला कुणी पाहिलेला नाही. वाजला की ते तो मावशीकडे देतात.

रिंग वाजत राहिली. मी बंद करणार, तेवढ्यात ती थांबली. पलीकडे इस्पितळातले आवाज, कुणाच्या तरी चपला, आणि अगदी जवळ एक श्वास.

"मामा?" मी म्हणाले. "मामा, मी स्नेहल. मोटर चालू झाली. मावशी कशा आहेत?"

मग आवाज आला, जो मी दोन वर्षांत असा सलग कधी ऐकला नव्हता.

"अजून आतच हाय. ही दोगं भिंतीला टेकून बसल्यात, त्या दाराकडं बगत. फोन ठिवू नगं, पोरी. बोल कायतरी."